चाक मागून येतं

डेपोत त्याला सगळे कडेलोट म्हणत. तोंडावर म्हणत, हजेरी घेताना म्हणत, आणि एकदा तर सूचनाफलकावरच्या ड्युटीच्या यादीत हेच नाव लागलं होतं. दोन दिवस ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

नाव पडायचं कारण साधं होतं. खालच्या गावातून वरच्या गावाला जाणाऱ्या घाटात बारा वळणं अशी आहेत, की रस्ता तिथे मागे फिरून स्वतःच्याच डोक्यावर चढतो. प्रत्येक वळणाला बाहेरच्या बाजूनं गुडघाभर उंचीचा कठडा आहे. कडेलोट बस सरळ त्या कठड्यावर नेत असे. बसचं तोंड कठड्याच्या वरून पलीकडे जाई, आणि ड्रायव्हरची जागा त्या तोंडातच असल्यामुळे काही क्षण त्याच्या खाली रस्ता नसायचाच. खाली झाडांचे शेंडे, त्यांच्याही खाली दरी, आणि सकाळच्या खेपेला कधी कधी नुसतं पांढरं धुकं. मग तो स्टिअरिंग फिरवी, बसचं तोंड हळूच परत रस्त्यावर येई आणि पुढच्या बाकांवरची माणसं डोळे उघडत.

तो डोळे कधी मिटत नसे. तेवीस वर्षं, दिवसाला चार खेपा. याबद्दल तो कुणाशी बोलला नव्हता, बायकोशीही नाही. पण प्रत्येक वळणावरचे ते दोन सेकंद तो मनात जपून ठेवी. ड्युटीवर असताना हवेत बसायची मुभा असलेला त्या गावातला तो बहुधा एकटाच माणूस होता.

मग कंपनीनं नियम काढला. घाटात बस चालवणाऱ्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक ड्रायव्हरनं सिम्युलेटरवर परीक्षा द्यायची. बारा वळणं, त्यांतली निदान दहा कडेला न लागता पार करायची, तीही ठरलेल्या वेळात. दोन संधी. दोन्ही हुकल्या तर घाट बंद, आणि उरलेली नोकरी टायरच्या गोदामात.

सिम्युलेटर उपाहारगृहाच्या जुन्या कोठीत बसवला होता. तीन पडदे, एक खुर्ची, एक स्टिअरिंग, तीन पेडल. आत चालणारा प्रोग्राम म्हणजे मोटारींच्या शर्यतीचा खेळच होता. विकणाऱ्यानं त्यात एक डोंगरातला रस्ता भरला होता आणि पडद्यावर बसचा डॅशबोर्ड रंगवून दिला होता. परीक्षा घ्यायला प्रशिक्षणाच्या मॅडम होत्या. पस्तिशीच्या, नेमकं बोलणाऱ्या, हातातल्या पेनाचं टोपण सतत काढणाऱ्या आणि लावणाऱ्या.

पहिल्या वळणावर कडेलोटची बस कठडा तोडून दरीत गेली. पडदा लाल झाला आणि बस आपोआप पुन्हा रस्त्यावर येऊन उभी राहिली. दुसऱ्या वळणावर तेच. बारापैकी नऊ वेळा तो दरीत गेला. पडताना आवाज नाही, धक्का नाही, काहीच नाही. एखाद्या स्वप्नात आपण जिन्यावरून पडतो आणि कुठेही लागत नाही, तसं ते होतं.

बाहेर मित्र वाटच बघत होते. "काय रे, आज नाव सार्थ केलंस म्हणे! नऊ वेळा?"

"नऊच," तो म्हणाला. "तीन वेळा वाचलो, ते कसं तेच कळेना."

दुसरी संधी तीन आठवड्यांनी होती. तोवर त्याला घाटावरून काढून डेपोच्या फाटकावर बसवण्यात आलं. आत-बाहेर करणाऱ्या बसचे नंबर वहीत उतरवायचे. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो टायरच्या गोदामात डोकावून आला. लांबट खोली, खिडकी नाही, छतापर्यंत काळी वर्तुळं. तिथला माणूस आपण होऊन म्हणाला, "वास येत नाही काही दिवसांनी. काळजी करू नका."

कडेलोटला त्याच वाक्याची काळजी वाटली.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि तिची मुलगी, म्हणजे याची भाची, चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दिवसभर काचा, आणि रविवारी दुपारी संगणकावर मोटारींच्या शर्यती. बहिणीच्या शिलाई मशीनच्या टेबलाला तिनं स्टिअरिंग आवळून बसवलं होतं. पेडल सरकू नयेत म्हणून भिंतीला टेकवलेले. खुर्ची मात्र चाकांची होती, त्यामुळे जोरात ब्रेक दाबला की गाडी थांबण्याऐवजी चालवणारा मागे जायचा. त्यावर उपाय म्हणून खुर्चीच्या मागच्या चाकांना टेलिफोनच्या दोन जाडजूड जुन्या डिरेक्टऱ्या लावलेल्या होत्या.

"या," बहीण आतून म्हणाली. "तुमचीच कमी होती. तीन महिने झाले, माझं मशीन कपाटावर चढून बसलंय. शिवायचं काय, तर माझं नशीब!"

"अक्का, दोन-तीन आठवडेच," तो म्हणाला.

"पोरगीही असंच म्हणाली होती."

भाचीनं त्याला खुर्चीत बसवलं. परीक्षेतला खेळ आणि तिचा खेळ एकच निघाला. तोच डोंगरातला रस्ता तिच्याकडेही होता.

"मामा, आधी एक सांग. ब्रेक कधी मारतोस?"

"मारायचा तेव्हा."

"म्हणजे कधी?"

"अगं, तेवीस वर्षं मारतोय. मला काय विचारतेस, पायाला विचार."

"इथे पायाला काही कळत नाही. ही गाडी तुला ढकलत नाही, ओढत नाही. तुझ्या पोटात गोळा येत नाही. इथे सगळं डोळ्यांनीच करायचं." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जिथे एकमेकींना मिळतात, तिथे एक ठिपका होतो, बघ. वळणात शिरलास की त्या ठिपक्यावरून नजर काढायची नाही. ठिपका पुढे पळत असेल तर वळण उघडतंय, तूही जा. जागच्या जागी थांबला तर वळण आवळतंय, वेग सोड. आणि तो तुझ्याकडेच यायला लागला..."

"तर?"

"तर उशीर झालेला असतो."

हे त्याला आवडलं. घाटात वळणं पाठ होती, तिथे ठिपका शोधायची वेळच आली नव्हती. आता मात्र तो त्याला जिथे-तिथे दिसू लागला. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात दिसला. बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत दोन्ही भिंती टोकाला एकमेकींना शिवत होत्या, तिथे तो संथपणे मागे मागे सरकत होता आणि कडेलोट पिशवी घेऊन त्याच्या मागून चालत होता. फाटकावर बसल्या बसल्या डोळे मिटले, की राखाडी रस्ता पापण्यांच्या आत उलगडायचा. ना इंजिनाची घरघर, ना डिझेलचा वास. फक्त दोन कडा आणि त्यांचं ते लांबवर मिळणं.

पण वळणं काही सुटेनात. ठिपका दिसत होता, वेग बरोबर होता, ब्रेक वेळेवर होता, आणि तरी गाडी दर वेळी बाहेरच्या कठड्याला जाऊन भिडत होती. चार दिवसांनी भाचीनं त्याला थांबवलं. खेळात गाडीच्या चाकांचे काळे डाग रस्त्यावर उमटलेले वरून बघता येतात. तिनं पाचव्या वळणावरचे त्याच्या बारा खेपांचे डाग एकावर एक ठेवले आणि पर्समधून गिऱ्हाइकाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायची छोटी पट्टी काढून ती पडद्याला लावली.

"गंमत बघ," ती म्हणाली. "बाराच्या बारा वेळा तू त्याच जागी वळायला लागलायस. एका केसाचा फरक नाही. आणि प्रत्येक वेळी तेवढाच उशिरा."

"म्हणजे मी म्हातारा झालो."

"म्हातारा माणूस इकडे-तिकडे चुकतो. आमच्याकडे चष्म्याच्या काचेचं सेंटर सरकलेलं असलं ना, की गिऱ्हाईक पायरी उतरताना दर वेळी तेवढंच चुकतं. डोळा ठीक असतो त्याचा. काच चुकीच्या जागी बसलेली असते." ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "काय दिसलं की तू स्टिअरिंग फिरवतोस?"

त्यानं विचार केला. हे त्यानं कधी शब्दांत मांडलं नव्हतं. "कठडा गुडघ्याखाली गेला की."

"कुणाच्या?"

"माझ्या. कठडा माझ्या गुडघ्याखालून मागे गेला, की मग अजून जरासं जायचं, आणि मग फिरवायचं."

"अरे, पण तोवर गाडी दरीत गेली ना!"

"कशी जाईल? चाक यायचंय ना अजून मागून."

भाचीनं पट्टी खाली ठेवली. आतल्या खोलीत बहिणीनं रेडिओ लावला होता, त्यावर कुणीतरी हवामान सांगत होतं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "चाक मागून येतं?"

"मग कुठून येणार?"

"मोटारीत चाक पुढे असतं रे. तुझ्या पायांच्याही पुढे. तू त्याच्या मागे बसतोस."

त्याच्याकडे मोटार कधीच नव्हती. कामाला सायकलनं जायचं, परगावी बसनं. बसमध्ये ड्रायव्हर अगदी नाकात बसतो आणि पुढचं चाक त्याच्या पाठीमागे चार फुटांवर असतं, हे त्याला माहीत होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. आपली टाळू कुठे आहे हे माणसाला जसं माहीत असतं, तसंच काहीसं. आणि खेळानं त्याला चाकाच्या मागे नेऊन बसवलं होतं. पुढचे चार फूट आणि मागचे चार फूट, असा आठ फुटांचा घोळ होता, आणि त्या आठ फुटांत तो दर वेळी दरीत जात होता.

भाचीनं खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन बसायची जागा पुढे सरकवली. पुढे, आणखी पुढे, चाकाच्याही पलीकडे. बॉनेट पडद्याच्या खालून निघून गेलं. "आता जा," ती म्हणाली.

तो गेला. पहिलं वळण आलं, कठडा गुडघ्याखालून मागे गेला, पडद्यावर फक्त दरी उरली आणि तिच्यात कुणीतरी संगणकावर काढलेले झाडांचे शेंडे. तो थांबला, मग हात फिरवले. रस्ता शांतपणे समोर येऊन उभा राहिला. दुसरं, तिसरं. बाराही वळणं त्यानं एका लयीत सोडवली. पाण्यात दोर सोडावा तसा रस्ता मागे सुटत गेला. शेवटी भाचीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपण खोलीत आहोत आणि बाहेर अजून ऊन आहे.

"झालं की," तो म्हणाला.

"कसलं झालं? परीक्षेच्या मशीनला सेटिंग बदलता येतं का?"

नव्हतं येत. त्यानं दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. सेटिंगच्या पानाला कुलूप होतं आणि किल्ली विकणाऱ्याकडे होती.

मग एकच वाट उरली. मोटारीसारखं वळायला शिकायचं. पुढच्या दहा दिवसांत तो ते शिकला, आणि नुसता शिकला नाही, त्याला ते आवडायला लागलं. आतल्या कोपऱ्याला चाक जेमतेम चाटून जाई, मग गाडी आपल्या आपण बाहेर सरके. वजन नसलेली गाडी, चढावर धापा न टाकणारी, जिच्यात पन्नास माणसं आणि त्यांच्या पिशव्या नाहीत. भाचीला एक दिवस घड्याळात त्याची वेळ दिसली आणि ती उठून उभी राहिली. "मामा, पुढच्या महिन्यात आमची स्पर्धा आहे. तुझं नाव घालते. खरंच सांगते, पहिल्या तिघांत येशील."

"बावन्नाव्या वर्षी?"

"तिथे वय विचारत नाहीत. टोपणनाव विचारतात. ते तर तुझ्याकडे तयारच आहे!"

तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. दिवसभर काचेच्या नळ्या धुणारी, मापाला पक्की बाई. ती त्या आठवड्यात म्हणाली, "अहो, तुमचा खांदा हल्ली दाराला लागतो."

"कुठल्या दाराला?"

"स्वयंपाकघराच्या. इतकी वर्षं तुम्ही दाराच्या पुढे जाऊन मग वळायचात. मी म्हणायचे, हे काय, दार मागे राहिलं की! आता आधीच वळता आणि आपटता. काल दोनदा, आज एकदा."

त्यानं ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी मात्र फाटकावर बसलेला असताना घाटाची बस बाहेर निघाली. चालवणारा त्याचाच जोडीदार होता. बस फाटकातून सरळ समोरच्या भिंतीकडे निघाली आणि कडेलोट वही टाकून उभा राहिला, ओरडला, "अरे वळव! वळव की!"

ब्रेक लागला. जोडीदारानं खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं?"

"भिंतीत घालतोस का?"

"कडेलोट, शुद्धीवर आहेस ना? चाक कुठे आलंय अजून?"

आजूबाजूचे हसले. जोडीदार मात्र हसला नाही. त्यानं डोकं आत घेतलं आणि बस काढली.

कडेलोट खाली बसला. परीक्षेत पास होण्यासाठी त्यानं जे शिकून घेतलं होतं, त्यानं तेवीस वर्षांचं मोडायला सुरुवात केली होती. घाटात आठ फूट आधी वळलं, तर बसचं मागचं चाक आतल्या कड्याला घासणार, किंवा समोरून येणाऱ्याच्या वाटेत बस आडवी राहणार. खेळ पडदा लाल करून पुन्हा रस्त्यावर आणून ठेवतो. घाट तसं करत नाही. परीक्षा हुकली तर गोदाम होतं. आणि ती जिंकून हात बिघडले, तर मागे पन्नास माणसं होती.

साप्ताहिक सुट्टीला तो कुणाला न सांगता वरच्या गावाला निघाला, प्रवासी म्हणून. नेहमीप्रमाणे तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी बसला. ड्युटी नसताना तो तिथेच बसत असे, कारण पुढच्या बाकांखाली चाकाचा उंचवटा येतो आणि पाय आखडतात. तिसऱ्या रांगेत पाय मोकळे राहतात. तिथे त्याला बऱ्याचदा झोपही लागायची. त्या दिवशीही डुलकी आलीच. धुकं काचेला लागून चाललं होतं. बस डोलत होती. अर्ध्या झोपेत त्याला वळण येताना कळलं. पुढे, पायांच्याही पुढे, चाक वळलं, आणि मग तो स्वतः त्याच्या मागोमाग ओढला गेला.

त्यानं डोळे उघडले.

हा खेळ होता. हुबेहूब. चाक पुढे, माणूस मागे. मोटारीत बसून जे शिकायचं, ते तो कितीतरी सुट्ट्यांच्या दिवशी इथे डुलक्या घेत शिकलेलाच होता. वर पोहोचेपर्यंत तो जागा राहिला आणि बारा वळणं तिसऱ्या रांगेतून मोजली. उतरताना कंडक्टरनं विचारलं, "काय राजे, आज झोपला नाहीत?"

"झोपलोच होतो," तो म्हणाला.

त्यानंतर भाचीकडे गेला, की खुर्चीत बसल्यावर तो आधी थोडा वेळ गप्प राही. मी तिसऱ्या रांगेत आहे, असं मनाशी म्हणे. पुढे कुणीतरी दुसराच चालवतोय. मग सुरुवात करी. ड्रायव्हरची जागा त्यानं रिकामी ठेवली होती. तिथे कुणाला बसू द्यायचं नाही, खेळालाही नाही. हे जमतंय की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराला खांदा अजून कधी कधी लागत होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तो मॅडमच्या खोलीत गेला.

"मॅडम, दहा मिनिटं बसमध्ये येऊन बसाल?"

"परीक्षा टाळायचा विचार दिसतोय."

"नाही, परीक्षा देणारच आहे. आधी तुम्ही बसा."

आवारात घाटाची एक बस उभी होती. मॅडम ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसल्या. त्यांचे पाय पेडलपर्यंत पोहोचत नव्हते.

"आता खिडकीतून डोकं काढा आणि पुढचं चाक कुठे आहे ते सांगा."

मॅडमनी खाली बघितलं. मग पुढे बघितलं. मग त्यांना मान वळवून, खांद्यावरून मागे बघावं लागलं. पेनाचं टोपण त्यांच्या हातातच राहिलं.

"आणि तुमच्या मशीनमध्ये?" त्यानं विचारलं.

"पुढे," त्या म्हणाल्या. "हे मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"आम्हाला तरी कुठे माहीत होतं? आम्ही नुसतं बसत होतो."

खोलीत परत येऊन मॅडमनी निकालाचा कागद काढला. आठ जणांनी परीक्षा दिली होती, चार पास, चार नापास. पास झालेल्यांपैकी कुणाकुणाच्या घरी मोटार आहे, हे त्यांनी त्यालाच विचारलं. चौघांच्याही होती. नापास झालेल्यांपैकी एकाच्याही नव्हती. त्यांनी ते चार ओळींत लिहून काढलं, खाली सही केली.

"मशीनवाल्यांना आजच पत्र जाईल. पण त्यांना येऊन दुरुस्ती करायला दोन-तीन महिने लागतात. तोवर थांबता?"

"तोवर मी कुठे असेन?"

मॅडम म्हणाल्या, "टायरच्या गोदामात."

"मग आजच घ्या."

कोठीत दिवे बंद होते. फक्त तीन पडद्यांचा उजेड होता. कडेलोट खुर्चीत बसला, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. त्याला झोप लागली की काय असं मॅडमना वाटलं. मग त्यानं डोळे उघडले आणि निघाला.

पुढे कुणीतरी दुसराच बस चालवत होता. तो मागे बसून, खिडकीला डोकं टेकवून बघत होता. दोन्ही कडा लांबवर मिळत होत्या, सुटत होत्या. चाक आधी वळत होतं आणि मग हा. सातव्या वळणावर मात्र तो काही क्षण ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला. कठडा गुडघ्याखाली गेला, तो जरा थांबला, आणि पडदा लाल झाला. तो पुन्हा मागे येऊन बसला. बाकीची पाच वळणं शांत गेली.

"अकरा," मॅडम म्हणाल्या. मग टोपण लावून म्हणाल्या, "सातव्याला काय झालं?"

"जागा चुकली," तो म्हणाला.

सोमवारी तो घाटात परत आला. सकाळची पहिली खेप, बस भरलेली. कंडक्टर तोच, राजे म्हणणारा. पहिल्या वळणापाशी धुकं होतं आणि कठडा त्यातून हळूहळू वर आला. कठडा अजून चांगला दोन हात लांब असताना कडेलोटचे हात हलले. अगदी थोडे. स्टिअरिंग अंगठ्याएवढं फिरलं.

त्यानं ब्रेक दाबला. बस उभी राहिली, आणि कुणाची तरी पत्र्याची पेटी घसरत पुढे आली.

"काय झालं?" कंडक्टर मागून विचारत आला.

"काही नाही. बस मिनिटभर उभी राहू दे."

"बंद पडली?"

"बस ठीक आहे."

मागे कुजबुज सुरू झाली. कंडक्टरनं पेटी उचलून ज्याची त्याला दिली आणि मुकाट्यानं दारात उभा राहिला. कडेलोटनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले. पाठ सीटला टेकवली. पाठीमागे इंजिनाची थरथर होती, आणि तिच्याच अलीकडे कुठेतरी, चार फुटांवर, चाक होतं. ते तिथे आहे हे त्याला कळेपर्यंत तो बसून राहिला. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नसतं. मग त्यानं हात परत ठेवले आणि बस अगदी सावकाश पुढे सोडली. कठडा आला. गुडघ्याखाली गेला. खाली पांढरं, फक्त पांढरं. हात वळायला बघत होते. त्यानं त्यांना धरून ठेवलं. अजून जरासं. मग फिरवलं, आणि पन्नास माणसं कड्याला न घासता, न आपटता त्याच्या मागोमाग वळली.

उरलेली अकरा वळणं त्यानं अशीच, एकेक करून, हातांना सांगत सांगत सोडवली. एवढी लांब खेप त्यानं आयुष्यात केली नव्हती. वरच्या स्टँडवर उतरला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं भाचीला फोन लावला.

"मामा! कसं झालं?"

"झालं. ऐक, त्या स्पर्धेतून माझं नाव काढ."

"का? अरे, तू जिंकशील!"

"जिंकेनही. पण मग त्या जागेची सवय लागेल मला, आणि ही सुटेल. दोन्हीकडे बसता येत नाही मला. आज वाटेत बस उभी करावी लागली."

पलीकडे तिनं काचा घासण्याचं यंत्र बंद केलं.

"म्हणजे खेळायचंच नाही आता? रविवारीसुद्धा?"

"नाही."

"तुला आवडायला लागलं होतं."

"हो," तो म्हणाला. "खूप. अक्काला सांग, मशीन कपाटावरून उतरवायला संध्याकाळी येतो."

त्यानं फोन खिशात टाकला. खाली जाणारी माणसं चढून बसली होती. कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या.